वादळ येतं, पान हलत नाही

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथं बसवलेल्या कॅमेऱ्यांनी उत्तरेच्या क्षितिजावर तांबूस उजेड टिपला. नॉर्वे, कॅनडा अशा देशांत दिसणारा ध्रुवीय प्रकाश भारतातून दिसल्याची बातमी दुसऱ्या दिवशी सगळीकडे झाली. फोटो सुंदर होते, ते सर्वांनी पाहिले. पण त्याच रात्री साडेदहाच्या सुमाराला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतल्या यंत्रांची रेषा एकदम वर उसळली आणि मग तासातासानं खाली घसरत गेली. ही रेषा फारशी कुणी पाहिली नाही. खरं सांगायचं तर वादळाची नोंद त्या रेषेत होती, आकाशातला रंग हा त्या वादळाचा एक परिणाम होता.

मी नोकरीची बरीच वर्षं चुंबकीय मापनाच्या कामात घालवली. लोक विचारायचे, "तुम्ही मोजता तरी काय? पाऊस नाही, वारा नाही, भूकंप नाही." मी सांगायचो, "वादळ मोजतो." मग त्यांची नजर हटकून खिडकीबाहेरच्या माडांकडे जायची. माड शांत असायचे. भूचुंबकीय वादळात झाडाचं पान हलत नाही, अंगावरचा केस हलत नाही. हलते ती फक्त चुंबकसूची, आणि तीही इतकी थोडी, की साध्या होकायंत्रात ते कळत नाही. न दिसणारी, न जाणवणारी ही हालचाल जमिनीवर बसून कशी मोजतात आणि ती मोजण्यावर काय अवलंबून आहे, हे आज आपण पाहू.

पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, हे आपण शाळेत शिकलो. पण हा चुंबक तसा फार दुबळा. फ्रिजच्या दारावर चिकटवायचं खेळण्यातलं लोहचुंबक त्याच्यापेक्षा कितीतरी जोरदार असतं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला नॅनोटेस्ला हे एकक वापरतात. अलिबागला जमिनीला समांतर असलेला चुंबकीय क्षेत्राचा भाग, ज्याला आम्ही क्षितिजसमांतर घटक म्हणतो, तो सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला भरतो. हा आकडा दिवसभर एकसारखा राहत नाही. सूर्य वर आला, की वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि काही दहा नॅनोटेस्लांनी तो चढतो. संध्याकाळी पुन्हा उतरतो. हा रोजचा, शहाणा चढउतार. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा तो ठरलेला असतो. वादळ आलं, की हा नियम मोडतो. शंभर, दोनशे, क्वचित चारशे नॅनोटेस्लांची घसरण होते. ३८ हजारांतले चारशे म्हणजे साधारण एक टक्का. एवढ्याशा टक्क्यासाठी एवढी यातायात कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर पुढे येईल.

हे वादळ माणसाच्या लक्षात आलं ते असं. १७४१ साली स्वीडनमधल्या उप्साला इथं सेल्सिअस आणि त्यांचे सहकारी ह्योर्टर चुंबकसूचीच्या हालचाली टिपत होते. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेले सेल्सिअस ते हेच. लंडनमध्ये ग्रॅहम नावाचे घड्याळजी तेच काम करत होते. दोघांच्या वह्या ताडून पाहिल्या, तेव्हा दिसलं की एकाच दिवशी, एकाच वेळी दोन्हीकडच्या सूच्या बिथरल्या होत्या. म्हणजे बिघाड सूचीत नव्हता, खोलीत नव्हता, गावातही नव्हता. एवढ्या मोठ्या प्रदेशावर एकदम काहीतरी घडलं होतं. पुढे हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला 'चुंबकीय वादळ' हे नाव दिलं. गाउस या थोर गणितज्ञानं १८३२ मध्ये चुंबकीय बल निव्वळ लांबी, वजन आणि काळ यांच्या मापात मोजण्याची रीत काढली, आणि वेबर यांच्यासोबत ठिकठिकाणच्या वेधशाळांचं जाळं उभं केलं. सर्वांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी मोजायचं आणि आकडे एकत्र करायचे. या शास्त्राचा पाया तो हाच. एकट्याच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तो दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवला, की बोलू लागतो.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये उभारली, आणि १८४१ पासून तिथं चुंबकीय मोजमाप सुरू झालं. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक ऑर्लिबार यांनी ते काम हाती घेतलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. केरूनाना छत्रे तरुणपणी तिथंच सहायक होते. पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे ते हेच केरूनाना. मराठी माणूस बाळशास्त्रींना पत्रकार म्हणून आणि केरूनानांना गणिती म्हणून ओळखतो. चुंबकसूचीची नोंद ठेवणाऱ्या वेधशाळेशीही या दोघांचं नातं होतं, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

त्या काळी सूची रेशमाच्या धाग्यावर किंवा तारेवर टांगलेली असे. तिला लहानसा आरसा जोडलेला असे. निरीक्षक दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. दर तासाला हे काम, रात्रीसुद्धा. आकडे फार हलायला लागले, की पंधरा-पंधरा मिनिटांनी, वेळ पडली तर पाच-पाच मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यांना लख्ख पांढरा प्रकाश दिसला. काही मिनिटांतच तो विझला. हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानंही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी जगभरच्या चुंबकसूच्या वेड्यावाकड्या झाल्या. ज्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर नोंद व्हायची, त्यांतल्या काही ठिकाणी प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेर निघून गेला. अमेरिकेत तारायंत्राच्या काही मार्गांवर बॅटऱ्या काढून ठेवल्या तरी संदेश जात राहिले, कारण तारांमध्ये जमिनीतूनच वीज शिरत होती.

कुलाब्याला तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. इथं फोटोचा कागद नव्हता, माणूस होता. तो पट्टी वाचत राहिला आणि लिहीत राहिला. क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. वर मी सांगितलं, की चारशेची घसरणही क्वचित होते. इथं तिच्या चौपट झाली होती. त्या निरीक्षकाला आपण काय लिहितो आहोत याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. त्यानं आकडा डोक्यात न घोळवता वहीत उतरवला, 'असं कसं होईल' म्हणून तो बदलला नाही. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, अमेरिकेतले त्सुरुतानी, ब्राझीलचे गोन्झालेझ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लखिना व अ‍ॅलेक्स यांनी याच नोंदी घेऊन त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी अक्षांशावरची इतकी चांगली नोंद त्या वादळाची दुसरी क्वचितच सापडते. म्हणूनच आज जगात कुठंही १८५९ च्या वादळाची चर्चा निघाली, की मुंबईचं नाव निघतं.

आता प्रश्न असा, की वादळात आकडा खालीच का येतो? त्याला कारण पृथ्वीभोवती आकाशात वाहणारी एक विजेची नदी आहे. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर. सूर्यावर स्फोट झाला, की त्याच्या वातावरणाचा एक प्रचंड लोळ सुटतो आणि कधी कधी तो पृथ्वीच्या दिशेनं येतो. तो आदळला, की पृथ्वीचं चुंबकीय कवच सूर्याच्या बाजूनं दाबलं जातं. जमिनीवरची सूची त्यामुळे एकदम थोडी वर उसळते. हा पहिला धक्का. मग त्या लोळातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जोडलं जातं आणि कवचाचं दार उघडतं. कण आत शिरतात आणि पृथ्वीच्या त्रिज्येच्या तीन ते आठ पट अंतरावर, विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीला वळसा घालून फिरू लागतात. हा वलयप्रवाह पश्चिमेच्या दिशेनं वाहतो. त्याचं स्वतःचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या विरुद्ध पडतं, म्हणून जमिनीवर आकडा घटतो. ही मुख्य अवस्था, काही तासांची. त्यानंतर कण हळूहळू विखुरतात आणि आकडा दोन-चार दिवसांत पूर्वपदावर येतो.

वादळाचा हा ठरावीक आकार ओळखण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. योगायोग असा, की त्यांचा जन्म १८५९ चाच. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे कुलाब्याचे आकडे त्यांनी तपासले, लावले आणि १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. अनेक वादळांच्या नोंदी सुरुवातीची वेळ जुळवून एकावर एक ठेवल्या आणि त्यांची सरासरी काढली. प्रत्येक वादळ वेगळं दिसतं, पण सरासरीत तोच आकार उमटतो: आधी उसळी, मग घसरण, मग संथ चढण. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा विचार पुढे नेला. संगणक नव्हता, गणकयंत्रही बेताचंच. साठ वर्षांचे तासागणिक आकडे हातानं जुळवायचे, हे काम किती चिकाटीचं असेल याचा विचार आपणच करावा.

मूस यांच्याच काळात वेधशाळेवर संकट आलं. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार, असं ठरलं. ट्रामच्या रुळांतून वीज जमिनीत पाझरते आणि तिचं चुंबकत्व सूचीला हलवतं. सूर्यावरच्या वादळाची नोंद घेणाऱ्या यंत्रानं ट्रामचं वेळापत्रक लिहायला सुरुवात केली असती. मुंबईला ट्राम नको, असं तर म्हणता येत नव्हतं. म्हणून वेधशाळेनंच घर बदललं. अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या कुलाब्याहून ती आली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कुलाबा किल्ल्याच्या गावी. पण नावं सारखी म्हणून आकडे सारखे होत नाहीत. त्यामुळे १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, दोहोंतला फरक काढला आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. या शहाणपणामुळे १८४६ पासूनची मालिका आजवर जोडलेली राहिली. इतकी लांब सलग मालिका असलेली ठिकाणं जगात मोजकी आहेत.

अलिबागची इमारत बांधताना आपला काळा पाषाण वापरला नाही. सह्याद्रीचा तो दगड अग्निजन्य, त्यात लोहखनिज, म्हणून तो स्वतःच थोडा चुंबक असतो. पोरबंदरचा वालुकाश्म पारखून आणला गेला. लोखंडी खिळे, बिजागऱ्या वर्ज्य. यंत्रांच्या खोलीत शिरताना आजही खिसे रिकामे करावे लागतात. किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल बाहेर. बायकांनी केसातल्या पिना आणि सेफ्टी पिनाही काढायच्या. नव्यानं कामाला आलेल्या मुलांना याचं हसू यायचं. मग एकदा यंत्रापाशी साधी किल्ली धरून आकडा दाखवला, की हसू थांबायचं.

यंत्रं आता बदलली आहेत. टांगलेल्या सूचीच्या जागी फ्लक्सगेट नावाचं विजेवर चालणारं यंत्र आलं. दर सेकंदाला ते क्षेत्राचे तिन्ही घटक संगणकात टाकतं. पण ते फक्त बदल सांगतं. एकूण क्षेत्र किती हे प्रोटॉन चुंबकत्वमापक सांगतो. त्याचं तत्त्व मोठं गमतीचं आहे. बाटलीभर रॉकेलासारख्या द्रवातल्या हायड्रोजनच्या अणुगर्भांना एका दिशेनं वळवायचं आणि मोकळं सोडायचं. भोवरा जसा डुलत फिरतो, तसे ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती डुलतात. अलिबागच्या क्षेत्रात सेकंदाला साधारण अठराशे वेळा. क्षेत्र वाढलं की डुलणं जलद होतं, घटलं की संथ. डुलणं मोजलं, की क्षेत्र कळलं. आणि तरीही काही काम माणसालाच करावं लागतं. क्षेत्राची दिशा नेमकी ठरवण्यासाठी निरीक्षक चुंबकत्व नसलेल्या थिओडोलाइटपाशी उभा राहून, दूरवरच्या ठरलेल्या खुणेवर दुर्बीण लावून, हातानं माप घेतो. थंडीत, उन्हात, पावसात यंत्रं किंचित सरकतात, त्यांची चूक या मापानं पकडली जाते. हे माप चुकलं, तर संगणकात साठलेले लाखो आकडे दिसायला नेटके पण मुळात खोटे ठरतात.

एका वेधशाळेचा आकडा आला. त्यावरून साऱ्या जगाच्या वादळाचं माप कसं काढायचं? त्यासाठी डीएसटी नावाचा निर्देशांक आहे. जपानी शास्त्रज्ञ सुगिउरा यांनी १९६४ मध्ये तो मांडला आणि १९५७ पासूनचे आकडे आज त्यात उपलब्ध आहेत. जपानमधलं काकिओका, हवाई बेटांवरचं होनोलुलू, पोर्टो रिकोमधलं सॅन हुआन आणि दक्षिण आफ्रिकेतलं हर्मानस अशा चार वेधशाळा त्यासाठी निवडल्या आहेत. त्या विषुववृत्ताच्या अगदी जवळ नाहीत आणि ध्रुवांच्याही नाहीत. विषुववृत्ताजवळ, आपल्या तिरुनेलवेलीसारख्या ठिकाणी, आयनांबरातला एक जोरदार प्रवाह दिवसा डोक्यावरून जातो. ध्रुवांजवळ अरोरा घडवणारे प्रवाह असतात. दोन्हीकडचा गोंगाट टाळला, तर वलयप्रवाहाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

हिशेब असा. समजा, एखाद्या ठिकाणी शांत दिवशी सकाळी दहा वाजता ३८,५०० नॅनोटेस्ला भरतात, आणि आज दहा वाजता ३८,३०० भरले. वर्षानुवर्षं सरकणारं पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र वजा केलं, रोजचा शहाणा चढउतार वजा केला, उरले उणे दोनशे. अशा चार ठिकाणांच्या फरकांत अक्षांशानुसार दुरुस्ती करून सरासरी घ्यायची, की त्या तासाचा डीएसटी मिळाला. उणे पन्नासच्या खाली गेला तर मध्यम वादळ, उणे शंभरच्या खाली तीव्र, उणे अडीचशेच्या खाली महावादळ. क्योटोचं केंद्र हे आकडे जाहीर करतं. त्याच धर्तीचा, पण मिनिटामिनिटाचा एक निर्देशांकही तिथं काढतात, आणि त्यासाठी नेमलेल्या वेधशाळांच्या यादीत आपलं अलिबाग आहे. बातम्यांत येणारा दुसरा आकडा के-पी. जर्मनीतल्या पॉट्सडॅमची संस्था तेरा वेधशाळांवरून दर तीन तासांनी तो काढते. शून्य ते नऊ अशी त्याची मोजपट्टी. मे २०२४ मध्ये तो नऊवर पोचला होता आणि डीएसटी उणे चारशेपर्यंत उतरला होता. नोव्हेंबर २००३ नंतर एवढा खाली तो गेला नव्हता.

आता कुलाब्याच्या सोळाशेकडे पुन्हा पाहू, कारण तिथं एक न मिटलेला वाद आहे. २००३ च्या त्या अभ्यासात १८५९ च्या वादळाचा डीएसटी उणे १७६० च्या आसपास असावा, असा अंदाज दिला होता. त्यावर काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. डीएसटी ही चार ठिकाणांची तासाची सरासरी असते आणि कुलाब्याची घसरण मात्र एका ठिकाणची व थोडा वेळ टिकलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी मुंबई दिवसाच्या बाजूला होती, तेव्हा त्या घसरणीत आयनांबरातल्या किंवा इतर प्रवाहांचाही वाटा असू शकतो. कुलाब्याच्या आकड्यांची तासाची सरासरी काढली, तर उत्तर बरंच खाली, हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतं.

हा केवळ विद्वानांचा वाद नाही. शंभर-दीडशे वर्षांत एकदा येणारा पूर किती मोठा, हे ठरल्याशिवाय धरणाचा सांडवा बांधता येत नाही. तसंच, सर्वांत मोठं चुंबकीय वादळ केवढं, यावर विजेच्या जाळ्याची, उपग्रहांची तयारी ठरते. आकडा सतराशे धरायचा की नऊशे, यात कोट्यवधींच्या खर्चाचा फरक पडतो, आणि चुकलो तर अंधाराचा. माझं मत विचाराल, तर दोष कुलाब्याच्या नोंदीचा नाही. ती नोंद खरी आहे. उणीव ही, की तिच्या शेजारी ठेवायला त्या दिवशीच्या तशा आणखी चार-पाच नोंदी नाहीत.

अंधाराचं म्हणाल, तर तो एकदा पडलेला आहे. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं चुंबकीय वादळानं अवघ्या दीड मिनिटात कोसळलं. साठ लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. त्या वादळाचा डीएसटी उणे ५८९, निर्देशांक सुरू झाल्यापासूनचा सर्वांत खालचा. तिथं नेमकं काय घडलं? सायकलच्या डायनामोत चुंबक फिरला की वीज तयार होते. तसंच पृथ्वीचं क्षेत्र भराभर बदललं, की जमिनीत विजेचा दाब तयार होतो. क्वेबेकची जमीन जुन्या कठीण खडकाची, वीज सहजी न वाहू देणारी. मग ती वीज शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांतून वाट काढते आणि ट्रान्सफॉर्मरना त्रास देते. इथं घसरण किती झाली यापेक्षा ती किती वेगानं झाली, याला महत्त्व असतं. म्हणून तासाची सरासरी पुरत नाही, सेकंदासेकंदाची नोंद लागते, आणि ती जागोजागी लागते. भारत ध्रुवांपासून दूर आहे, त्यामुळे आपल्याला धोका कमी. पण आपल्याही वीजवाहिन्या आता लांबच लांब झाल्या आहेत. कमी म्हणजे शून्य नव्हे.

छोटी वादळंही कधी नुकसान करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकी कंपनीनं नुकत्याच सोडलेल्या ४९ छोट्या उपग्रहांपैकी ३८ नष्ट झाले. वादळ मध्यमच होतं. पण त्यानं वरचं वातावरण तापून फुगलं, खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना हवेचा अडथळा वाढला आणि ते परतून जळून गेले. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे उपग्रहाच्या आधारानं चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटले.

कुणी म्हणेल, आता आदित्य एल-१ आहे, जमिनीवरच्या वेधशाळा कशाला? आदित्य २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. तिथून ते येणारा वारा आधी पाहतं. गावाच्या वेशीवर उभा असलेला राखणदार जसा. पण पाहुणा घरात शिरल्यावर काय करतो, ते घरातल्यांनाच कळतं. शिवाय उपग्रहाचं आयुष्य काही वर्षांचं. दीडशे वर्षांच्या फरकाची तुलना फक्त जमिनीवरच्या जुन्या खांबावरच होऊ शकते. नागपूर, जयपूर, शिलाँग, तिरुनेलवेली, थेट अंटार्क्टिकावरचं मैत्री, अशा ठिकाणी भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं हे काम चालतं. या जागांना सर्वांत मोठी भीती सूर्याची नाही, आपली आहे. वस्ती वाढते, रस्ता रुंद होतो, जवळून विजेची रेल्वे जाते, शेजारी लोखंडाची इमारत उभी राहते. १९०४ मध्ये मुंबईहून अलिबागला जाता आलं. दर वेळी असं नवं अलिबाग सापडेलच असं नाही. विकास थांबवा, असं मी म्हणणार नाही. पण आराखडा करताना या चार भिंतींच्या शांततेचाही विचार व्हावा, आणि जागा सोडावीच लागली तर आधी दोन वर्षं दोन्हीकडे मोजावं, हा मूस यांच्या काळचा धडा विसरू नये.

शेवटी एक साधी गोष्ट. सूर्याचं आताचं चक्र ऐन भरात असल्याचं शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. मोठी वादळं पुष्कळदा भर ओसरतानाही येतात, २००३ ची तशीच आली होती. तेव्हा 'सौरवादळ येणार, इंटरनेट बंद पडणार' अशा बातम्या मोबाइलवर अधूनमधून फिरणारच. त्या पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: के-पी किती सांगितला आहे? डीएसटी किती उतरला? आकडा नसेल, तर बातमी बाजूला ठेवावी. आणि आकडा असेल, तर तो कुठून येतो हे आता आपल्याला माहीत झालं आहे. खिसे रिकामे करून एका दगडी खोलीत शिरलेल्या, थिओडोलाइटमधून दूरच्या खुणेकडे पाहणाऱ्या कुणा निरीक्षकापासून तो सुरू होतो. बहुतेक दिवशी त्याच्या वहीत 'शांत' एवढंच लिहिलेलं असतं. त्या शांत दिवसांची नोंद आहे, म्हणूनच वादळाच्या दिवशी किती घसरलं ते सांगता येतं.